सवलत की सोय?

आजच्या पत्रिकेत आमच्या विषयाचं नाव 'दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलती आणि प्राध्यापकांची भूमिका' असं छापलंय. नाव आयोजकांनी दिलं, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर, विद्यापीठांच्या परिपत्रकांत, परीक्षा विभागाच्या अर्जावर, सगळीकडे हाच शब्द आहे. आमचा वाद त्या 'सवलती' या शब्दाशी आहे, आणि मिळालेला बराचसा वेळ आम्ही त्याच्याशी भांडण्यात घालवणार आहोत.

सवलत म्हणजे काय? एसटीच्या तिकिटात ज्येष्ठांना मिळते ती. दिवाळीत कापडदुकानदार देतो ती. मूळ भाव ठरलेला असतो, देणारा त्यातून काही कमी करतो आणि घेणारा आभार मानतो. आता 'सोय' हा शब्द घ्या. लग्नघरात पाहुण्यांची सोय करतात. पंगतीत ज्या आजींना मांडी घालता येत नाही त्यांना टेबल-खुर्ची देतात. जेवण तेच, वाढणारे तेच, जिलबीही तीच. आजींना पंगतीत सवलत मिळाली असं कुणी म्हणत नाही. आणि ही सोय चांगल्या घरात आधी विचारून केलेली असते. पानं मांडल्यावर खुर्ची शोधत फिरत नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. शिक्षणासाठी त्यातली तीन कलमं महत्त्वाची: सोळावं, सतरावं आणि बत्तिसावं. बत्तिसाव्यात शासकीय आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव ठेवायला सांगितलंय. ते सगळ्यांना पाठ असतं, कारण प्रवेशाच्या वेळी त्याचा रकाना भरावा लागतो. सोळाव्या आणि सतराव्यात मात्र प्रवेशानंतर काय करायचं ते आहे, आणि तिथे आपली गाडी अडते. सतराव्या कलमात अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धती यांत योग्य ते बदल करा असं म्हटलंय आणि उदाहरणं दिलीत: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. आमच्या मते या उदाहरणांनीच थोडा घोळ केला. तीनही परीक्षेशी किंवा विषय गाळण्याशी जोडलेली आहेत, म्हणून महाविद्यालयांनी असा अर्थ काढला की दिव्यांग विद्यार्थी हा परीक्षा विभागाचा प्रश्न आहे. वर्षभर वर्गात तो काय वाचतो, काय ऐकतो, फळ्यावरचं त्याच्यापर्यंत पोहोचतं का, हे कुणाच्याच टेबलावर येत नाही. आणि भाषेतून सूट देणं किती सोपं बघा! एक सही. ऐकू न येणाऱ्या मुलीला मराठी शिकवायचं म्हटलं तर शिक्षकाला घाम फुटेल. सूट काही वेळा गरजेची असते हे खरं, पण शिकवण्याचा त्रास टळावा म्हणून ती दिली जाते तेव्हा तिला सोय म्हणू नये.

याच कायद्यात एक संकल्पना आहे. तिचं मराठी अजून पक्कं झालेलं नाही. कुणी 'वाजवी सुविधा' म्हणतात, कुणी 'यथोचित समायोजन'. आम्ही 'वाजवी सोय' म्हणतो. अर्थ असा, की त्या विशिष्ट व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा म्हणून लागणारा नेमका बदल करायचा, संस्थेवर अवाजवी बोजा पडत नसेल तिथवर. 'त्या विशिष्ट व्यक्तीला' हे शब्द आमचे लोक वाचतच नाहीत. अंध म्हटलं की लेखनिक, कर्णबधिर म्हटलं की पहिला बाक, व्हीलचेअर म्हटलं की तळमजला. अंध विद्यार्थ्याला लेखनिक नको असेल, त्याला संगणकावर स्वतः उत्तरं टंकायची असतील, तर त्याच्यासाठी अर्जात रकानाच नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात जो निकाल दिला तो प्रत्येक प्राध्यापकाने एकदा तरी वाचावा अशी आमची शिफारस आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेला उमेदवार. त्याने नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिक मागितला. आयोग म्हणाला, तुमचं अपंगत्व आमच्या यादीतल्या प्रकारांत बसत नाही, चाळीस टक्क्यांची रेषा तुम्ही गाठत नाही. न्यायालयाने ही रेषाच बाजूला केली. आरक्षणासाठी चाळीस टक्के लागतात. लेखनिकासाठी, म्हणजे वाजवी सोयीसाठी, ती अट कायद्यात नाही, असं स्पष्ट सांगितलं. आणि आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: काय सोय हवी ते ठरवताना त्या व्यक्तीशी बोललं पाहिजे, असं न्यायालय म्हणतं. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने चाळीस टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तरीही 'आधी चाळीस टक्क्यांचा दाखला आणा, मग बोलू' हे वाक्य अजून ऐकू येतंच.

टक्क्यांच्या हट्टापायी काय होतं त्याचा नमुना आपल्याच राज्यातला आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी आलेला एक विद्यार्थी, वाचा आणि भाषेचं अपंगत्व चाळीस टक्क्यांपेक्षा थोडं जास्त. चाळीसपेक्षा कमी असतं तर राखीव जागा नाही; चाळीस किंवा जास्त असल्यामुळे नियमाने तो अपात्र. म्हणजे ज्या आकड्यामुळे दार उघडतं त्याच आकड्यामुळे ते बंद होतं! ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. हा अभ्यासक्रम ही व्यक्ती करू शकते का, ते मंडळाने तपासून कारणांसह लिहावं.

आता संशयाबद्दल. स्टाफरूममध्ये लेखनिकाचा विषय निघाला की पहिलं वाक्य असतं, 'अहो, लेखनिकच पेपर सोडवतो.' असं कधीच होत नाही असा आमचा दावा नाही. पण कॉपी धडधाकट मुलंही करतात, त्यासाठी भरारी पथकं आहेत, आणि म्हणून कुणी सगळ्यांचे पेन काढून घ्यावेत असं सुचवत नाही. संशयामुळे नियम असे झाले की त्यात प्रामाणिक विद्यार्थीच भरडला जातो. २०१८ च्या केंद्रीय तत्त्वांनुसार स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या पात्रतेचा हवा होता. ठीक. पण मग अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या पेपरात मागणी-वक्र कसा काढायचा हे त्या लेखनिकाला तोंडी सांगून बघा. 'डावीकडून उजवीकडे उतरती रेषा, आता तिच्या उजवीकडे समांतर दुसरी' इथपर्यंत पोहोचायला पाच मिनिटं जातात, आणि तपासणारा म्हणतो आकृती गचाळ. त्याच तत्त्वांत असंही लिहिलंय की परीक्षा घेणारी संस्था लेखनिक देत असेल तर परीक्षार्थीला त्याला दोन दिवस आधी भेटू द्यावं. प्रत्यक्षात भेट होते ती पहिली घंटा झाल्यावर, जिन्यात.

आणि त्याच तत्त्वांत एक शब्द बदललाय, ज्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. 'जादा वेळ' म्हणू नका, 'भरपाईचा वेळ' म्हणा, असं तिथे सांगितलंय. तासाला किमान वीस मिनिटं. तीन तासांच्या पेपराला एक तास, अडीच तासांच्या पेपराला पन्नास मिनिटं. जादा म्हणजे इतरांपेक्षा अधिक मिळालेला. भरपाई म्हणजे सांगण्यात, लिहवून घेण्यात, वाचून दाखवण्यात जो वेळ गेला तो परत दिलेला. पर्यवेक्षकाला हा फरक समजला नाही तर काय होतं? २०२१ च्या नीट परीक्षेत लेखनदोष असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा एक तास मिळाला नाही, उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेतली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिच्यावर अन्याय झाला हे न्यायालयाने मान्य केलं, तो कसा भरून काढायचा ते ठरवायला परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितलं, पण पुनर्परीक्षा काही मिळाली नाही. गेलेला तास गेला. केंद्रावरच्या माणसाला नियम माहीत नव्हता, इतकंच कारण. आपल्या अंतर्गत परीक्षांत तर नियम माहीत असूनही हे होतं, कारण तीन वाजता शिपायाला वर्ग बंद करायचा असतो.

वर्गात येऊ. आम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर नोट्सचा. मराठीतून शिकणारा अंध विद्यार्थी आज मोबाइलवर किंवा संगणकावर वाचतो. एनव्हीडीए नावाचा पडदावाचक फुकट मिळतो, तो मराठी वाचतो. पण कुठलं मराठी? युनिकोडमधलं. आपल्याकडच्या नोट्स असतात कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत. डोळ्यांना तिथे 'समाजशास्त्र' दिसतं. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी असते, आणि पडदावाचक तीच खिचडी वाचून दाखवतो. पीडीएफ असेल तर बहुधा तो पुस्तकाच्या पानांचा फोटो असतो, म्हणजे वाचकाला कोरं पान. व्हॉट्सॲपवर फळ्याचा फोटो टाकला तर प्रश्नच मिटला. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन थाटात साजरा करणाऱ्या विभागाच्या नोट्स संगणकाला मराठी वाटत नाहीत, यावर एखादा परिसंवाद व्हायला हरकत नाही.

आता यात बोजा किती? जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारी परिवर्तकं मोफत मिळतात. जोडाक्षरं थोडी बिघडतात, ती एकदा हाताने नीट करावी लागतात. छापील पानाचा मजकूर गूगलचं ओसीआर बऱ्यापैकी उचलतं. एकदा केलेलं काम पुढच्या दहा तुकड्यांना पुरतं, आणि ते डोळस विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडतं, कारण युनिकोडमधला मजकूर शोधता येतो. 'पुस्तकाचं असं रूपांतर करणं म्हणजे कॉपीराइटचा भंग' असं काही ग्रंथपाल सांगतात. तसं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी ना-नफा तत्त्वावर सुलभ प्रत तयार करायला मुभा आहे, आणि याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं साधनकेंद्र, पुण्यातलं निवांत अंध मुक्त विकासालय, या ठिकाणी हे काम कसं चालतं ते जाऊन बघता येतं. पण प्रत्येक अंध विद्यार्थ्याने मुंबई-पुणे गाठावं ही अपेक्षा आम्हाला मान्य नाही. किनवटच्या किंवा शहाद्याच्या महाविद्यालयात त्याला धडा वाचता आला पाहिजे.

फळा हा दुसरा मुद्दा. 'हे इथून इकडे आलं, मग याला यानं भागलं' ही आपली रोजची भाषा. अंध विद्यार्थ्याला यातून काहीच मिळत नाही. फळ्याकडे तोंड करून बोललं की ओठ वाचणाऱ्या विद्यार्थिनीलाही नाही. लिहिताना जे लिहितोय ते उच्चारायचं, बोलताना वर्गाकडे वळायचं, मागच्या बाकावरून आलेला प्रश्न उत्तर देण्याआधी पुन्हा म्हणायचा. याला ना निधी लागतो ना समिती. ओठ वाचून सगळं कळतं हाही एक गैरसमज आहे; 'प', 'ब' आणि 'म' ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून विशेष संज्ञा, नावं, सनावळ्या फळ्यावर हव्यातच.

न दिसणाऱ्या अपंगत्वाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. एकवीस प्रकारांत सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया आहेत, मानसिक आजार आहेत, अध्ययन अक्षमता आहे. नंदुरबार आणि गडचिरोलीकडच्या प्राध्यापकांना सिकलसेल नवा नाही. मुलगी सोमवारी वर्गात हसत असते, थंडी पडली, पाणी कमी प्यायलं, अंगमेहनत झाली, की बुधवारी वेदनेने रुग्णालयात. आठवड्याने परत येते तेव्हा पुन्हा धडधाकट दिसते, आणि हजेरीपटावर पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलेली असते. तिला आपण 'दांडीबहाद्दर' म्हणतो. इथे वाजवी सोय म्हणजे काय? रॅम्प नाही, लेखनिक नाही. हजेरीचा हिशेब वेगळा करणं, बुडालेल्या प्रात्यक्षिकाला दुसरी तारीख देणं, नोट्स पाठवणं. मैदानावर ध्वजवंदनाला तासभर उभं राहायची सक्ती नसणं. यातलं जवळजवळ सगळं एकट्या शिक्षकाच्या हातातलं आहे, आणि परिपत्रकात यातलं काहीही सापडत नाही.

अध्ययन अक्षमतेचं दुखणं आणखी वेगळं. मुंबईत शीवच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी होते, शहरातल्या इंग्रजी शाळांतल्या पालकांना तिथला रस्ता माहीत असतो. मराठी माध्यमातल्या, तालुक्याच्या गावच्या मुलाला बारावीपर्यंत सगळ्यांनी 'शुद्धलेखन गचाळ, लक्ष नाही' एवढंच सांगितलेलं असतं. तो महाविद्यालयात दाखल्याशिवाय येतो. अशा वेळी शिक्षकाने वैद्य व्हायची गरज नाही. तोंडी उत्तर उत्तम आणि लेखी उत्तर तुटक, हे अंतर सतत दिसलं तर त्याला बाजूला घेऊन विचारायचं आणि तपासणीचा रस्ता दाखवायचा. 'तुला काय झालंय?' असं विचारू नये. 'तुला कशात अडतं, आणि आधी कशाने बरं गेलं होतं?' असं विचारावं. पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाला सांगून ठेवावं की ज्याला काही वेगळी व्यवस्था लागणार असेल त्याने अमुक वेळी येऊन भेटावं. भेटायला आलेल्याचं नाव पुढच्या तासाला वर्गात जाहीर करू नये, हेही सांगायची वेळ यावी याचं वाईट वाटतं.

इथे दर्जाचा प्रश्न येतो, आणि तो विचारणारे सगळे दुष्ट नसतात. 'ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापायचे नाहीत म्हणता, मग मराठी शिकवायचं कशाला?' आमचं उत्तर: विषयाचा गाभा कोणता ते आधी ठरवा. इतिहासाच्या पेपरात आपण इतिहास तपासतो. तिथे वेलांटीसाठी गुण कापायचं कारण नाही. मुद्रितशोधनाच्या पेपरात वेलांटी हाच विषय आहे. तिथे ती माफ करता येणार नाही, पण वेळ वाढवून देता येईल, मजकूर मोठ्या अक्षरांत देता येईल. पद्धत बदलते, गाभा राहतो. हा विचार प्रत्येक पेपरासाठी स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि तो विषयशिक्षकाशिवाय कुणालाही करता येत नाही. परीक्षा विभागाला तर मुळीच नाही.

उलट बाजूचं पाप आम्हाला जास्त मोठं वाटतं. 'बिचारा आहे, पास करून टाका.' अंतर्गत वीसपैकी सरसकट अठरा. प्रकल्प न करता सही. देणाऱ्याला पुण्य लागल्यासारखं वाटतं. त्या मुलाला तीन वर्षांनी पदवी मिळते, आणि मुलाखतीला गेल्यावर कळतं की त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. अवघड प्रश्न त्याला विचारले नाहीत, त्याचं उत्तर चुकलं तेव्हा चुकलं म्हणून सांगितलं नाही. दुकानदाराची सवलत ती हीच. याच दयेचा दुसरा अवतार प्रवेशाच्या वेळी दिसतो: अंध विद्यार्थ्याने विज्ञान म्हटलं की 'कला शाखा घे बाळा, मराठी नाहीतर राज्यशास्त्र, सोपं जाईल.' आमचा मराठीचा अभिमान बाजूला ठेवूनही सांगतो, मराठी सोपं नाही! आणि विज्ञान का नाही, याचं उत्तर 'प्रयोगशाळेत कसं करणार' या प्रश्नापाशी थांबतं. कसं करणार, ते बसून कुणी शोधलेलं नसतं.

मग महाविद्यालयं करतात काय? रॅम्प बांधतात आणि त्याचा फोटो काढतात. नॅकच्या तपासणीत अडथळामुक्त परिसराचा निकष आहे, अक्षांश-रेखांश दाखवणारा फोटो जोडायचा असतो. फोटोतला रॅम्प कधी इतका उभा असतो की त्यावरून धडधाकट माणूसही जपून उतरेल, आणि वर पोहोचल्यावर दाराला सहा इंचांचा उंबरा. रॅम्प हवाच, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण फोटोत येतं तेवढंच मोजलं जातं. युनिकोडमधल्या नोट्सचा फोटो निघत नाही. दोन दिवस आधी लेखनिकाची गाठ घालून दिली, याचाही निघत नाही.

शेवटी एक तक्रार, आणि ती प्राध्यापकांच्या बाजूची. वर सांगितलेलं सगळं करायचं कुणी? आज वर्गात उभे असणाऱ्यांतले कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना घड्याळी तासाचे पैसे मिळतात. फॉन्ट बदलण्याचे, लेखनिकाशी बोलण्याचे, बुडालेलं प्रात्यक्षिक पुन्हा घेण्याचे मिळत नाहीत. पुढच्या जूनमध्ये ते तिथे असतील की नाही हेही ठरलेलं नसतं, म्हणजे एकदा तयार केलेली सोय त्यांच्याबरोबर निघून जाते. अशा माणसाला 'संवेदनशील व्हा' असं एका दिवसाच्या कार्यशाळेत सांगणं आम्हाला थोडं निर्लज्जपणाचं वाटतं. समान संधी कक्षाच्या पाटीमागे एक पगारी माणूस असला पाहिजे, ज्याच्याकडे रूपांतरित नोट्सचा साठा राहील, लेखनिकांची यादी राहील, आणि जो जूनमध्येच प्रत्येक शिक्षकाला सांगेल की तुमच्या वर्गात अमुक गोष्टी लागणार आहेत. कायद्यातला 'अवाजवी बोजा' हा शब्द संस्थाचालकांना फार आवडतो. तो वापरण्याआधी त्यांनी या एका पगाराचा आकडा काढून संस्थेच्या ताळेबंदाशेजारी मांडावा, मग आम्ही चर्चेला तयार आहोत.

प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवलाय. मधल्या रांगेत सांकेतिक भाषेचे दुभाषी बसले आहेत, तेव्हा एका वेळी एकानेच बोला, माईक हातात आल्यावरच बोला, आणि सुरुवातीला आपलं नाव सांगा.